बिनबाह्यांचं पोलकं

इनामदारांच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला दरवर्षी बायकांची नजर इनामदारीण भागीरथीबाईंच्या पैठणीवर आणि कोपरापर्यंतच्या चोळीवर खिळायची. यंदा मात्र सगळ्या पोस्टमास्तरांच्या नव्या सुनेभोवती, हेमलतेभोवती जमल्या होत्या. तिनं बिनबाह्यांचं पोलकं घातलं होतं आणि ते तिला शोभतही होतं. इनामदारीणबाईंच्या पोटात दुखत होतं ते त्यामुळंच.

तिला कुंकू लावता लावता त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "आमच्या वेळी चोळीची बाही कोपराच्या वर जात नसे. तुझ्या बाह्या कुठं गेल्या गं? शिंप्यानं ठेवून घेतल्या की काय?"

हेमलता वाकून त्यांच्या पाया पडली.

"नाही काकू, तो बिचारा काय ठेवून घेणार? लग्नात तुम्ही माझी ओटी भरलीत ना, त्यातलाच हा खण. तो म्हणत होता, बाह्यांना दुसरं कापड जोडतो. मी म्हटलं, काकूंनी एवढ्या मायेनं दिलेल्या खणाला ठिगळ नको. पुरेल तेवढंच शिव."

प्रत्येकीला आपापल्या ट्रंकेत पडून असलेला इनामदारीणबाईंचा खण आठवला आणि पदराआड हसू फुटलं. भागीरथीबाईंनी मात्र आजच्या ओटीसाठी तबकात मांडलेले खण हळूच पैठणीच्या पदराखाली झाकले.