पुढे म्हैस आहे

रानातून पहिला डांबरी रस्ता गेला, त्या काळची गोष्ट. ट्रक इतके सुसाट यायचे की सशांना पलीकडच्या गवतात जाता येईना. मग भुरी म्हैस रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करू लागली. ट्रक थांबू लागले, ससे पिलांसकट पार होऊ लागले.

कासवशास्त्री मात्र बिथरले. "बसते ते ठीक, पण हिला म्हणायचं काय?" त्यांनी भर रस्त्यात समिती बसवली. घोरपड म्हणाली, "गतिरोधक." कोल्हा म्हणाला, "वेगमोड्या." माकड म्हणालं, "टेंगूळ." तीन दिवस भांडूनही शब्द ठरेना.

शेवटी शास्त्रीबुवा कडाडले, "ज्याला मंजूर नाव नाही, ते रस्त्यावर नको. ऊठ गं म्हशे!"

भुरी शेपटी झटकून बाजूला झाली.

तेवढ्यात वळणावरून ट्रक धडधडत आला. समिती अजून रस्त्यातच. कुणाला ना गतिरोधक आठवला, ना टेंगूळ. सगळ्यांच्या आधी शास्त्रीबुवाच किंचाळले, "बसा हो भुरीताई, बसा!"

भुरी बसली. ट्रक थांबला.

दुसऱ्याच दिवशी समितीने एकमताने पाटी लावली: 'सावकाश जा. पुढे भुरीताई आहेत.'