अज्ञातांचं गाणं

बाळांनो, डोंगरउतारावरच्या एका रानात, ओढ्याकाठच्या उंबरावर एक शीळकरी पक्षी राहत असे. एकटाच. उन्हाळ्यात रानाला वणवा लागला, पाखरं वाट फुटेल तिकडे उडाली, आणि त्या गडबडीत त्याची नि त्याच्या सोबतिणीची चुकामूक झाली. त्यांचं जुनं झाड जळून गेलं होतं. आता आपण कुठे राहतो हे तिला कळावं, म्हणून त्याने एक गाणं रचलं. सूर गोड होतेच, पण सगळा जीव होता तो शेवटच्या ओळीत : 'शीळकरी म्हणे, ये गं, ओढ्याकाठच्या उंबरावर.' अभंगाच्या शेवटी रचणारा आपलं नाव घालतो ना, अगदी तसंच. रोज तो हे गाई आणि मान वेळावून वाट बघे. कुणी येत नसे.

त्या रानात कोळ्याने झाडाझाडांवरून एक भलंमोठं जाळं विणलं होतं. एका टोकाला कुणी काही बोललं, की ते दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. शीळकऱ्याला वाटलं, इथून आपली हाक तिच्यापर्यंत नक्की पोचेल. त्याने गाणं जाळ्यावर सोडलं. जाळ्याच्या मधोमध पोपट बसलेला असे. आलेलं पुढे पाठवणं, हाच त्याचा उद्योग. "गाणं झकास आहे," तो म्हणाला, "पण शेवट उगाच लांबलाय. एवढं कोण ऐकत बसतंय?" आणि त्याने शेवटची ओळ तोडून टाकली. "कुणाचं हो हे?" अशी पलीकडून विचारणा झाली, तेव्हा पोपटसाहेब डोळे मिटून म्हणाले, "अज्ञात!"

आता झाली का पंचाईत! रानात कुणालाच त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि 'ठाऊक नाही' म्हणायची तिथे पद्धत नव्हती. अस्वल मान डोलवत म्हणालं, "अज्ञात होय! फार मोठे गायक. आमचं येणंजाणं आहे त्यांच्याकडे." बघता बघता फांदीफांदीवर अज्ञातांचं गाणं वाजू लागलं.

शीळकरी धावतपळत पोपटाकडे गेला. "पोपटदादा, गाणं माझं आहे. माझी शेवटची ओळ तेवढी परत जोडा."

"तुझं? अरे, सगळं रान अज्ञातांचं म्हणतंय. रान काय खोटं बोलतं?" पोपट म्हणाला आणि त्यालाच हत्तीपुढे घेऊन गेला. रानाचा न्यायनिवाडा हत्ती करी.

"ज्याचं गाणं, त्याचीच मालकी, असा आपला कायदा आहे," हत्ती म्हणाला. "गा बघू." शीळकऱ्याने पूर्ण गाणं म्हटलं. हत्तीने सोंड आपटली. "ही ओळ मूळ गाण्यात नाही! दुसऱ्याच्या गाण्याला स्वतःचं नाव चिकटवतोस?"

"मग महाराज, हे बाकीचे सगळे गातात ते?"

"आम्ही नुसतं पुढे पाठवतो," निवाडा ऐकायला जमलेल्यांतलं एक माकड म्हणालं. "आमचं आहे असं आम्ही कुठे म्हणतो?"

हत्तीला ते पटलं. "अज्ञातांच्या परवानगीवाचून तू हे गाणं गायचं नाहीस," त्याने हुकूम दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही अशी.

शीळकरी बापडा कायद्याला भिणारा. तो उंबरावर चोच पंखात खुपसून बसून राहिला. आपलंच गाणं चारी बाजूंनी ऐकू यावं आणि आपणच तेवढं गप्प बसावं, याच्यासारखा एकटेपणा नाही. त्याला वणव्यानंतरही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

एकदा तेच माकड पाणी प्यायला ओढ्यावर आलं. "काल गंमत झाली," ते म्हणालं. "तुझ्यासारखीच एक निळी पाखरीण आली होती. शीळ ओळखीची आहे, म्हणत होती. या झाडावर गेली तर मैना गातेय, त्या झाडावर गेली तर मी! गाणारा राहतो कुठे, म्हणून काकुळतीने विचारत होती."

"मग? तू काय सांगितलंस?"

"अज्ञात म्हणजे बडी असामी, त्यांचा पत्ता आम्हाला कोण देणार? या ओढ्यावरूनही गेली की ती. पण सगळ्या रानात हे एकच झाड गप्प, मग इथे कशाला थांबेल? दमली, आणि गेली डोंगरापलीकडे. परत यायची नाही म्हणाली."

शीळकऱ्याच्या काळजाचं पाणी झालं. कायदा गेला खड्ड्यात! तो उंबराच्या शेंड्यावर चढला आणि छाती फुटेस्तोवर गायला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. पण भोवती शेकडो गळे तेच गात होते. त्याचा आवाज त्याचा त्यालाही ऐकू येईना. त्याने डोंगराकडे पाहिलं. आभाळ रिकामं होतं.

खालून माकड कौतुकाने ओरडलं, "बरं जमतंय हो तुला! पण अज्ञातांची सर नाही!"

तात्पर्य : दुसऱ्याचं गाणं पुढे पाठवताना त्याचं नाव गाळू नये, कारण आपल्याला नकोशी वाटलेली ओळ हाच कुणाच्या तरी घराचा पत्ता असतो.