उसवलेलं वर्तुळ

“पायाभूत गणित? आणि मी?”

उन्मेष आरोलकर दारातच उभा होता. बाई दोनदा “आत ये” म्हणाल्या होत्या, पण स्वारी इतकी तापली होती की ते त्याच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं.

तिरोडकरबाई टेबलामागे बसून पेन्सिलीला टोक करत होत्या.

“हो. तूच.”

“बाई, इंजिनिअरिंगची दोन वर्षं काढलीत मी. आता इथं येऊन अपूर्णांक आणि क्षेत्रफळं गिरवत बसू?”

“काढलीस खरी...” बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

त्या थांबण्यात काय होतं ते उन्मेषला बरोबर कळलं. दोन वर्षं निघाली होती, पण गणिताचा पेपर काही निघाला नव्हता. एकदा गेला, पुन्हा गेला, आणि शेवटी चिरंजीव बाडबिस्तरा घेऊन घरी आले.

खाडीकाठचं हे कॉलेज असल्याच मंडळींचं. कुठं ना कुठं अर्ध्यावर सुटलेल्यांच्या गणिताची इथं डागडुजी व्हायची आणि मग त्यांना मोठ्या कॉलेजात परत जाता यायचं. नियम मात्र कडक होता. वर्ग एकदाच मिळायचा, आणि त्यात नापास झालं की परतीची वाट कायमची बंद. थेट कलनशास्त्राला, म्हणजे कॅल्क्युलसला, बसलं तर वर्षात सुटका. पायाभूतपासून सुरुवात केली तर दोन वर्षं. कोणी कुठं बसायचं ते तिरोडकरबाई ठरवायच्या. त्या गुणपत्रिका बघत नसत. समोर आलेल्याशी चार शब्द बोलायच्या, बस्स. उन्मेषशी त्या आदल्या दिवशीच बोलल्या होत्या.

उन्मेषच्या आईनं वाडीभर सांगून ठेवलं होतं, पोरगा वर्षात परत जाणार म्हणून. तिला आता काय तोंड दाखवायचं?

“मला कलनशास्त्र द्या,” तो म्हणाला. “येतं मला. विचारा काहीही.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या रागावल्या नव्हत्या. उन्मेषला तेच जास्त झोंबलं.

“वर्तुळाचं क्षेत्रफळ?”

त्याला हसूच आलं. “पाय आर स्क्वेअर. शाळेतलं आहे हे, बाई.”

“का?”

“का म्हणजे?”

“पाय आर स्क्वेअरच का?”

हात्तिच्या! एवढंच ना? उन्मेष तरातरा फळ्यापाशी गेला. खडू उचलला आणि एका दमात लिहून मोकळा झाला. आधी इंटिग्रेशनची ती उभी वळणदार खूण, तिच्यापुढं टू पाय आर, त्याच्यापुढं डी-आर. बरोबरचं चिन्ह. पाय आर स्क्वेअर. खाली दोन रेघा ओढल्या त्या जरा जोरातच ओढल्या, त्यात खडू मोडला.

बाईंनी चष्मा पुसून फळा नीट वाचला.

“बरोबर आहे.”

“मग?”

“यातलं डी-आर कुठं आहे?”

उन्मेषनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं. “हे काय!”

“ती अक्षरं झाली. वर्तुळात कुठं आहे?”

“अतिसूक्ष्म वाढ,” तो म्हणाला. सरांनी तसंच सांगितलं होतं आणि त्यानं तसंच पाठ केलं होतं.

“दाखव मला.”

खाडीपलीकडं काथ्या कुटत होते, त्याचा आवाज तेवढा खिडकीतून येत होता. उन्मेषनं फळ्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, परत फळ्याकडं पाहिलं.

बाई उठल्या. दारापाशी काथ्याचं गोल पायपुसणं होतं, मधल्या बिंदूपासून दोरी गुंडाळत गुंडाळत शिवलेलं. ते त्यांनी उचललं, बाहेर नेऊन झटकलं आणि आत आणून फरशीवर टाकलं. मग खणातून मोठी कात्री काढून त्या चक्क फरशीवर बसल्या.

“अहो बाई, नवं आहे ते!”

बाईंनी कडेपासून मधल्या बिंदूपर्यंत कात्री चालवली. एकच सरळ छेद. काथ्या करकरला. मग त्यांनी टाके उसवले, सगळ्यात बाहेरची दोरी सुटी केली आणि फरशीवर आडवी, सरळ ठेवली. सवयीनं ती पुन्हा गोल व्हायला बघत होती.

“धर जरा.”

उन्मेष गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोरीची दोन्ही टोकं दाबून धरली. बाईंनी तिच्या आतली दोरी काढली. ती थोडी आखूड. ती पहिलीच्या वर, बरोबर मधोमध ठेवली. मग तिच्या आतली. ती आणखी आखूड...

काही दोऱ्या झाल्यावर बाईंनी हात काढून घेतला. उरलेल्या उन्मेष स्वतःच लावू लागला. आपण इथं भांडायला आलो होतो हेही तो विसरला. शेवटी मधला नखाएवढा तुकडा राहिला. तो त्यानं सगळ्यांच्या माथ्यावर ठेवला आणि मागं सरकून पाहिलं.

समोर त्रिकोण होता.

वर्तुळ कुठं गेलं? इथंच तर होतं. त्यातला एक धागा टाकला नव्हता की एक धागा जोडला नव्हता. तोच काथ्या, तेवढीच जागा, आणि गोल असलेलं सगळं आता सरळ रेषांत पडलं होतं. त्रिकोणाचा पाया म्हणजे पायपुसण्याचा अख्खा घेर, टू पाय आर. उंची म्हणजे कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर, आर. पाया गुणिले उंची, भागिले दोन... त्यानं मनातल्या मनात गुणाकार केला आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाय आर स्क्वेअर. कोणी सांगितलं नव्हतं. आपलं आपण आलं होतं.

त्याचं बोट हळूच एका दोरीच्या जाडीवर गेलं.

“डी-आर... हे?”

बाईंनी मान डोलावली.

उन्मेष वाकून त्रिकोणाची तिरकी कड बघू लागला.

“पण बाई, ही कड सरळ नाही. पायऱ्या पायऱ्या आहेत.”

“हं.”

“दोरी जाड आहे म्हणून. बारीक असती तर पायऱ्याही बारीक झाल्या असत्या.”

“हं.”

“सुतासारखी असती तर आणखी बारीक. म्हणजे अगदी सरळ कड हवी तर... दोरीला जाडी उरताच कामा नये.”

बाई त्याच्याकडं टक लावून बघत होत्या.

“पण जाडीच उरली नाही...” उन्मेष बोलता बोलता अडखळला. “तर मग ही जागा भरली कशानं?”

काथ्या कुटण्याचा आवाज थांबला होता. बहुतेक जेवायची सुट्टी झाली असावी.

उन्मेषनं मान वर करून फळ्याकडं पाहिलं. ती ओळ त्यानं आजवर कितीदा तरी लिहिली होती, परीक्षेत, वहीत, बसच्या तिकिटामागंसुद्धा. आज पहिल्यांदाच ती त्याला गाभाऱ्यातल्या अंधारासारखी वाटली. भीती वाटली, आणि तिच्यासमोरून उठावंसंही वाटेना.

“बाई... तुम्हाला माहीत आहे?”

बाईंनी त्रिकोणाच्या माथ्यावरचा तुकडा बोटानं जरासा सारखा केला.

“कधी कधी वाटतं, माहीत आहे.”

उन्मेष तसाच फरशीवर बसून राहिला. त्याच्या विजारीला, हाताला काथ्याची तुसं चिकटली होती. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

“मला पायाभूतच द्या, बाई. दोन वर्षं तर दोन वर्षं. आईला मी सांगेन काय ते. मला यातलं खरंच काही कळत नाही.”

बाई टेबलाचा आधार घेऊन उठल्या आणि पदरावरची तुसं झटकत म्हणाल्या,

“मग तुला कलनशास्त्राला बसवायला काही हरकत नाही.”