अर्धं ताट सोडणारी राणी

एका राज्यात राणीने दुपारी किती खाल्लं, हे वेशीवरच्या भिकाऱ्यालाही ठाऊक असायचं. तशी रीतच होती. फार मागे त्या गादीवर एक खादाड राजा बसला होता. त्याने कोठारं खाल्ली, पेरणीचं बियाणं खाल्लं, शेवटी नांगराचे बैलही सोडले नाहीत. त्याच्यामागे प्रजेने ठरवलं की इथून पुढे जो गादीवर बसेल त्याने भर दुपारी राजचौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जेवायचं आणि अर्धं ताट सोडून उठायचं. ताट उचललं की भालदार ललकारी द्यायचा, "अर्धं सोडलं." मग प्रजा निश्चिंत मनाने आपापल्या घरी जेवायला जायची.

रीत वाईट नव्हती. पण माणसं रीत पाळून थांबत नाहीत, तिचे लाड करतात. अर्धं सोडणाऱ्याची वाहवा होऊ लागली, मग त्याहून जास्त सोडणाऱ्याची जास्त.

वैजयंता राणी गादीवर आली ती आईच्या चितेची राख निवायच्या आत. गादी रिकामी ठेवायची नाही, हीही रीत. सकाळी आईला अग्नी दिला आणि दुपारी ती चौकात पाटावर बसली. घशाखाली घास उतरेना, म्हणून पाऊण ताट तसंच ठेवून उठली. भालदाराने ललकारी दिली, "पाऊण सोडलं." लोकांनी फुलं उधळली. अशी राणी झाली नाही म्हणाले, ही वाऱ्यावर जगते म्हणाले. पोरीला रडायचं होतं आणि लोक तिला शाबासकी देत होते. तिने शाबासकी घेतली. चुकलं ते तिथे चुकलं.

मग रोज पाऊण ताट परत जाऊ लागलं. भूक लागली की ती मान वर करून लोकांचे चेहरे बघायची आणि हात आवरायची. पण पोटाला राणीपण कळत नाही. राजवाडा निजला की ते उठून बसायचं. मुदपाकखान्याला कुलूप, किल्ली आचाऱ्याच्या कमरेला. मागितली असती तर त्याने दिली असती. पण वाऱ्यावर जगणाऱ्या बाईने किल्ली मागायची कोणत्या तोंडाने?

अशीच एका रात्री खायला काही मिळतं का बघत ती तळघरातल्या खजिन्यात उतरली. तिथे मोत्यांच्या राशीमागे तांब्याचा एक हंडा होता, आणि तो गरम होता. झाकण उचललं तर आत पुरणपोळी, तुपासकट. मनात भात आला तर भात निघाला, जिलबी आली तर जिलबी. हंडा रिकामा होत नव्हता. त्यात नवल नाही, तसे हंडे असतात. नवल एवढंच की तो इतकी वर्षं खजिन्यात होता आणि त्याला कोणी हात लावला नव्हता.

राणीने उभ्या उभ्या खाल्लं. चव घ्यायला उसंत नव्हती. मनगटापर्यंत हात माखला, पदर माखला. पोट दुखेपर्यंत खाल्लं आणि दुखल्यावरही खाल्लं. पहाटे भिंतीला पाठ टेकून तिने स्वतःला शपथ घातली, उद्या नाही. आणि त्या शपथेपायी दुपारी दोन घास खाऊन उठली. रात्र आली तेव्हा भूक दुप्पट झालेली. दुपारी फुलं, रात्री हंडा, पहाटे शपथ, असं ते रहाटगाडगं फिरत राहिलं.

राणीला धाकटी बहीण होती, चंपावती. जिभेने तिखट, मनाने निर्मळ, आणि पानावर बसली की लाजबीज न बाळगणारी. ती वाळू लागली. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, गालांची हाडं वर आली. राजवैद्याने नाडी धरली आणि खाली मान घालून म्हणाला, "अन्न आत जातं, पण अंगी राहत नाही. मला इलाज ठाऊक नाही."

चंपावती बहिणीला म्हणाली, "अक्का, मी दोघांचं जेवते आणि काटकी झाले. तू चिमणीएवढं खातेस आणि तुझ्या चोळ्या उसवून सैल कराव्या लागतात. आपली पोटं बदलली की काय कोणी?"

ती हसत होती. राणीला हसू आलं नाही. तरीही त्या रात्री ती जिना उतरलीच.

खजिन्याच्या वाटेवर, जिन्याच्या पायथ्याशी तलाव होता, तलावाच्या काठी टिटवी. तिने विचारलं, "राणी, बहीण खाऊन पोट भरलं का?"

राणी थबकली. "पाखराने राणीशी असं बोलू नये."

"आणि राणीने चोरपावलांनी जिना उतरू नये. दोघींचंही चुकतंय. माझं जरा कमी."

"काय म्हणालीस ते नीट सांग."

"हंडा शून्यातून देत नाही. तू खातेस तो घास न् घास चंपावतीच्या अंगातून निघतो. हंडा लवणकेतू मायाव्याचा आहे, तो मिठाच्या माळापलीकडे राहतो. त्याच्याकडे जा, नाहीतर बहिणीच्या तिरडीचे बांबू तोडायला सांग. आता मला बोलू नकोस, मला आभाळ धरायचंय." एवढं बोलून टिटवी उताणी निजली आणि तिने पाय आभाळाला लावले.

राणीने खजिन्यातून तो हंडा उचलून आणला आणि तलावात टाकला. सकाळी बघते तर तो मोत्यांमागे जागच्या जागी, गरम. तेव्हा ती निघाली. चंपावतीला म्हणाली, "परगावचा वैद्य आणते." खोटं बोलायला तिची जीभ आता अडखळत नव्हती.

मिठाच्या माळावर सावली नाही, गवताचं पातं नाही. पलीकडे लवणकेतू चुलीपुढे बसला होता. चुलीवर पातेलं होतं, पातेल्यात काही नव्हतं, आणि तो ते ढवळत होता.

"वैजयंते, उशीर केलास," तो म्हणाला.

"माझी बहीण मरते आहे. हंड्याचा शाप काढून घ्या."

"घातलेला शाप मला काढता येत नाही. येत असता तर कधीच काढला असता. मी तुझ्या पणजीचा आचारी होतो. पहाटेपासून रांधायचो. ताट जायचं भरलेलं आणि यायचं अर्धं, आणि त्या अर्ध्यावर चौकात टाळ्या पडायच्या. एकदा तुझ्या पणजीने माझ्या हातच्या भाताला बोटही लावलं नाही, आणि त्याबद्दल लोकांनी तिची पालखी मिरवली. मला राग आला. माझ्या रांधायच्या हंड्यावर हात ठेवून मी म्हणालो, उजेडात जे सोडाल ते अंधारात मागून घ्याल, आणि त्याचं मोल तुमचं सगळ्यात जवळचं माणूस देईल." त्याने पळी खाली ठेवली. "रागाच्या भरात माणूस कोणाचं नाव घेत नाही. ज्या पोरी अजून जन्मायच्या होत्या त्यांनाही तो शाप लागला."

"मग मी काय करू?"

"तीन कामं आहेत. करशील तर सुटशील. पहिलं, मागच्या रानात जा आणि तुझी भूक ओळखून आण."

त्या रानात राज्यातल्या प्रत्येक माणसाची भूक जनावर होऊन हिंडते. राणी आत शिरली तोच एक काळा लांडगा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे ओळखीचे होते. तो तिच्या मागे मागे चालू लागला. राणीला वाटलं, हीच आपली भूक, एवढी मोठी दुसरी कोणाची असणार? ती त्याच्या मानेला दोरी बांधणार, तेवढ्यात झुडुपाखाली काही हाललं. एक ससा होता, जीभ सुकलेली, बरगड्या मोजाव्यात असा. राणीकडे बघून तो मागे सरकला. रोज दुपारी ज्याला हाकललं होतं तो हाच, हे तिला तेव्हा कळलं. ती खाली बसली. हात पुढे केला नाही, बोलली नाही. ऊन कललं, सावल्या लांबल्या, तेव्हा कुठे ससा आपण होऊन तिच्या ओच्यात येऊन बसला.

लवणकेतूने ससा पाहिला आणि मान डोलावली. राणीने विचारलं, "मग हा लांडगा कोणाचा?"

"तुझाच. पण ती भूक नाही. आई गेली त्या दिवशी रडायचं राहिलं होतं, ते आहे. त्याला अन्न लागत नाही, सोबत लागते. आणि तू त्याला रोज रात्री जिलब्या चारत होतीस." तो पुन्हा पातेलं ढवळू लागला. "दुसरं काम. हंडा उघडा ठेवून रात्रभर त्याच्यापुढे बस आणि एक घासही खाऊ नकोस. तिसरं काम चौकात आहे. पूर्ण ताट खा, आणि दुपारी सोडलेलं रात्री कसं भरून काढत होतीस ते लोकांना सांग."

"तिसरं नको. ते सोडून काहीही सांगा."

"म्हणून तर ते तिसरं आहे," लवणकेतू म्हणाला.

ओच्यात ससा, मागे लांडगा, अशी राणी घरी आली. त्याच रात्री हंड्यापुढे बसली. लांडग्याला तिने दाराबाहेर ठेवलं, राणीने कोणापुढे रडायचं नसतं म्हणून. सशालाही अजून काही दिलं नव्हतं, उद्या देऊ म्हणून. मध्यरात्र उलटली. हंड्यातून पुरणाचा वास आला, तो तिने सोसला. तळलेल्या मासळीचा आला, तोही सोसला. मग गुळपापडीचा आला. आई करायची तशी, जरा करपलेली. राणी म्हणाली, एकच वडी. तिने एकच वडी खाल्ली, हे खरं आहे. आपण तिच्यावर नसता आळ घेऊ नये.

सकाळी चंपावतीचे केस पांढरे झाले होते. सगळेच्या सगळे.

चंपावतीने आरसा खाली ठेवला. राणी तिच्या पायाशी बसली आणि तिने सगळं सांगितलं. हंडा, जिना, शपथा, वडी.

"म्हणजे तू मला खाल्लंस," चंपावती म्हणाली.

"हो."

"आणि वैद्य आणायला जाते म्हणालीस."

"हो."

"अक्का, मागितलं असतंस तर मी माझ्या पानातलं दिलं असतं. नुसतं मागायचं होतं." तिचा आवाज चिरकला. मग डोळे पुसून ती म्हणाली, "आज मी तुझ्याबरोबर बसते. बघू माझ्या तोंडासमोर कशी खातेस."

दिवेलागणीला चंपावतीने पिठलं-भाकरी मागवली. दोघी एका पानावर जेवल्या, आणि ससा राणीच्या मांडीवर पोटभर जेवून झोपला. मग दोघी खजिन्यात गेल्या. हंडा उघडला. या वेळी राणीने लांडग्यालाही आत घेतलं. गुळपापडीचा वास सुटला तेव्हा राणीचा हात हंड्याकडे गेला. चंपावतीने तो धरला नाही. ती म्हणाली, "आईची गुळपापडी नेहमी करपायची, आठवतं? आणि आपण कधी तिला बोलून दाखवलं नाही." लांडग्याने राणीच्या मांडीवर डोकं ठेवलं. राणी रडू लागली. आई गेल्यापासूनचं जेवढं होतं तेवढं रडली, आणि तिच्याबरोबर चंपावतीही. उजाडलं तेव्हा हंडा गार होता.

त्या दुपारी राणी चौकात पाटावर बसली. अर्ध्यावर तिचा हात थांबला नाही. भात संपला, वरण संपलं, कोशिंबीर संपली, ताट पुसून निघालं. भालदाराने तोंड उघडलं आणि त्याला शब्द सुचेना. शेवटी पुटपुटला, "काही सोडलं नाही." फुलं आणलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

राणी उभी राहिली. "मी वाऱ्यावर जगत नव्हते. दुपारी तुम्हाला दाखवायला सोडत होते आणि रात्री चोरून खात होते. त्याचं मोल माझ्या बहिणीने दिलं. तिचे केस बघा."

म्हातारा प्रधान काठी आपटत पुढे आला. "खादाड राजाचा वंश पुन्हा उगवला. राणीसाहेब, गादी खाली करा."

तेवढ्यात गर्दीतून गोजरा कुंभारीण बोलली. हाताला माती तशीच होती. "प्रधानजी, तुमच्या घरात रात्री मडक्यावरचं झाकण वाजतं का, कधी कान देऊन ऐकलंत? आमच्याकडे वाजतं. राणी पाऊण सोडते म्हणून सासवा सुनांना पाऊण सोडायला लावतात. मग सुना रात्री अंधारात उभ्याने खातात. मीही खाल्लंय." ती आजूबाजूच्या बायकांकडे वळली. "आता माना काय खाली घालता, बोला की."

मग सोनाराची सून म्हणाली, "मीही." मग तिची सासू म्हणाली, "मीही." मग कोण म्हणालं आणि कोण नाही हे कळेनासं झालं. प्रधानाची बायको सज्जात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, आणि प्रधान काठी टेकून खाली बसला.

"पण मग गादीवरचा माणूस राज्य खातो आहे की नाही, हे प्रजेला कळायचं कसं?" त्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

"रोज दुपारी कोठारांची दारं उघडी ठेवीन," राणी म्हणाली. "आत येऊन धान्य बघा. माझं ताट बघू नका."

त्याच क्षणी तळघरातला हंडा तडकला आणि साधं तांबं झाला. मिठाच्या माळापलीकडे लवणकेतूच्या पातेल्यात भात शिजला. तो त्याने खाल्ला आणि पहिल्यांदा शांत झोपला. त्या दिवसापासून राजचौकातला पाट उचलला गेला आणि कोठारांची दारं उघडी राहू लागली. रात्री घराघरांतली झाकणं वाजायची थांबली. काही घरांत उशिरा थांबली, पण थांबली.

राज्य सुखी झालं. नाही कोण म्हणतं? चंपावतीच्या अंगावर मांस आलं, बांगड्या मनगटावर आल्या. पण केस काळे झाले नाहीत, आणि अंगातून गेलेली वर्षंही परत आली नाहीत. दोघी बाहेर निघाल्या की परके लोक चंपावतीला थोरली समजून आधी नमस्कार करायचे. चंपावती आशीर्वाद द्यायची आणि गालात हसायची. राणी त्या वेळी दुसरीकडे बघायची. शाप तुटला म्हणून केलेलं पुसलं जात नाही. लांडगाही अजून अधूनमधून येतो, आणि राणी त्याला दार उघडते.

एकदा जेवताना चंपावतीने विचारलं, "अक्का, रात्री एवढं खायचीस, ते गोड तरी लागायचं का गं?"

राणीने खूप आठवून बघितलं. "नाही आठवत," ती म्हणाली. "चव एकदाही लागली नाही."

चंपावतीने तिच्या पानात भाताचा आणखी एक डाव वाढला. मग दोघी हळूहळू चावून जेवत राहिल्या.