चोचीत मावेल एवढंच

“सगळं कोठार तुझ्यापुढे ओतलं, तरी तुझी चोच वाकडीच?” बाळोबा उंदीर मनोलीवर कडाडला.

माणसांनी अजून धान्य साठवायची कणगीही विणली नव्हती, त्या काळातलं हे भांडण. रानातल्या साऱ्या पाखरांचं बी बाळोबा सांभाळायचा. त्याच्या घराण्याची रीत अशी, की कुणी दाणा मागितला की सगळं कोठार दारात रितं करायचं. निवडून देतो तो कंजूष, असं आजोबा सांगून गेलेले. आजोबा बोलले म्हणजे झालं. पुढे डोकं चालवायचं कुणी?

मनोली म्हणजे मूठभर पाखरू. घरट्यात तिचं आजारी पिल्लू सकाळपासून उपाशी होतं. त्याच्या घशाखाली फक्त बारीक राळा उतरायचा, आणि राळा गेला होता ज्वारी-तुरीच्या ढिगाच्या तळाशी. उपसून उपसून बिचारीचे पंख थकून गेले होते.

“राळा त्यातच आहे की. मी काय लपवलाय?”

“लपवला असतास तर निदान शोधत तरी बसले नसते.”

बाळोबा ओशाळला. त्याने ढिगात नाक खुपसलं आणि क्षणात चिमूटभर राळा काढला. तरी देताना त्याचा हात अडला. “एवढासाच दिला तर तू मला हलक्या मनाचा म्हणशील गं.”

मनोलीचा राग तिथेच विरघळला.

“बाळोबा, काय हवंय ते आधी विचार, चोचीत मावेल एवढंच दे, आणि कुठवर देऊन झालं ते लक्षात ठेव, म्हणजे पिल्लाला भरवून मी पुढचा घास न्यायला परत येईन.”