घाटातली दोस्ती

हेमांगी नर्सला काही म्हणता काही सुचेना. घाटावरच्या गावांत बाळंतपणाला वेळेवर पोचायचं तर गाडी हवीच. पण घ्यावी कुठली? जुन्या गाड्यांच्या दुकानात एकीकडे धिप्पाड ‘वनराज’ उभी होती, तर दुसरीकडे एक साधी, किडकिडीत गाडी. भाऊ एक सांगत होता, नवरा दुसरंच. ती दोन्हींभोवती नुसत्या चकरा मारत होती.

तेवढ्यात वनराज क्लबचे अध्यक्ष दौलतराव चामड्याचं जाकीट सावरत आत आले. “ताई, यात विचार कसला करताय? वनराज म्हणजे गाडी नाही, घराणं आहे घराणं! घाटात आमचा माणूस गाडीपाशी उभा दिसला, की मागून येणारा वनराजवाला थांबणारच. पाना काढणार, बाह्या सरसावणार. आमच्या क्लबातली निम्मी दोस्ती तिथेच जमलीय!”

“आणि या साध्या गाडीवाल्यांचं काय?”

“त्यांचा कसला आलाय क्लब? एकमेकांची नावंही ठाऊक नसतात त्यांना. भेटतात कुठे ते?”

हेमांगीचा गोंधळ एका क्षणात निवळला. ती दुकानदाराकडे वळली.

“दादा, ही साधीच द्या. वर बाई अडलेली असताना मला घाटात दोस्ती जमवायला सवड नसते.”