करंट खरा होता

"…मग मेंदूच शिकत नसेल, तर शिकायचं कशानं?"

वैजयंतीनं विचारलं. तिचे गुरू उस्ताद दस्तगीर खिडकीशी बसून सतारीच्या तारा पुसत होते.

मिरजेत तिच्या सतारीचं नाव होतं, आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं. मग मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजत गेलं. आधी पाय जड झाले, मग डावा हात.

पुण्याच्या एका इस्पितळात प्रयोग चालू होता, म्हणून ती तिथे राहिली. डोक्याला ओले स्पंज बांधायचे, त्यातून हलका करंट सोडायचा आणि त्याच वेळी बोटांना नवी हालचाल शिकवायची. काहींना खरा करंट, काहींना नुसता देखावा. कुणाला काय, ते शेवटपर्यंत सांगायचे नाहीत.

तिची बोटं शिकायची. दुसऱ्या दिवशी विसरायची.

ती मनाची समजूत घालायची, आपल्याला खोटा मिळतोय… खरा मिळाला की जमेल.

प्रयोग संपला. काहींना थोडा फरक पडला होता. तिला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं.

"करंट खरा होता, उस्ताद," ती म्हणाली.

…

उस्तादांनी सतार तिच्या मांडीवर ठेवली. ती नको म्हणाली. त्यांनी ती परत घेतली नाही.

शेवटी तिनं पडद्यावर बोट ठेवून तार ओढली. सूर मींडेनं सरकत गंधाराला पोचायच्या आतच बोट घसरलं.

ती आजारी पडल्यापासून तिच्या प्रत्येक सुराला ते मान डोलवत आले होते. का, ते तिला कळत होतं. आजारापेक्षा तेच जास्त लागायचं.

आज मान हलली नाही.

"बेसूर," ते म्हणाले.

वैजयंतीचे डोळे भरून आले. हे काय मला ऐकू येत नाही होय? ती म्हणाली. आज जमवलं तरी उद्या जाणारच आहे.

"मग शिकवून उपयोग काय?" तिनं विचारलं.

"काही नाही," उस्ताद म्हणाले.

…

तिनं तारेवरचा हात काढून घेतला नाही.

उस्तादांनी आपला म्हातारा तळवा तिच्या मनगटाखाली धरला.

"उद्या मीही विसरेन, पोरी, तुला शिकवलं होतं ते. मग पुन्हा पहिल्यापासून शिकवेन. ओढ तार."